अपडेटच्या चार ओळी कुणासाठी लिहितेस?

छोटे, तुझा मसुदा काल रात्री दुकान बंद केल्यावर निवांत वाचला. नव्या नोकरीत इतक्या लवकर हे काम तुझ्यावर सोपवलं, एसएसडीच्या फर्मवेअर अपडेटसोबत ग्राहकाला जी टीप जाते ती तू लिहायची, आणि साहेबांना दाखवायच्या आधी तुला ती ताईला दाखवावीशी वाटली, याचं मला किती बरं वाटलं म्हणून सांगू. भाषा स्वच्छ आहे तुझी. पण बहीण म्हणून खरं तेच सांगते. ‘कार्यक्षमता आणि स्थैर्यात सुधारणा. सर्व ग्राहकांनी हे अपडेट करावे.’ एवढं वाचून मला काहीच कळलं नाही. काय बिघडलं होतं? कुणाचं? नाही केलं तर काय होईल? आज करू की लग्नसराई उरकल्यावर?

तू विचारलंस, तपशील किती द्यायचा. तुमच्यातले इंजिनिअर म्हणतात सगळं टाका, मार्केटिंगवाले म्हणतात काही टाकू नका, लोक घाबरतात. तू मध्ये अडकलीस. माझ्या मनात याचं माप एकच आहे. टीप वाचून माणसाला कुणालाही न विचारता ठरवता आलं पाहिजे, की हे आत्ता करायचं, थोडं थांबून करायचं, की आपल्याला लागूच नाही. या निर्णयाला जे जे लागतं ते सगळं द्यायचं, मग ते कंपनीला कितीही अवघड वाटो. बाकीचं खाली, ज्याला हवं त्याच्यासाठी.

तू बाणेरच्या ऑफिसात बसून लिहितेस तेव्हा तुझ्या डोळ्यांसमोर कोण असतं मला माहीत नाही. बारामतीत भिगवण चौकाजवळच्या माझ्या दुकानात कोण येतं ते सांगते. दूध संकलन केंद्राचा पोरगा येतो, त्याच्या संगणकात गावातल्या प्रत्येक घराचं दुधाचं माप आणि दर दहा दिवसांचं बिल असतं. महा ई-सेवा केंद्रवाली येते. शाळेतले क्लार्क भाऊसाहेब येतात, त्यांच्या पेनड्राइव्हवर साऱ्या वर्गांचे निकाल. हिवाळ्यात भिगवणला, कुंभारगावला उजनीच्या फुगवट्यावर रोहित पक्षी उतरले की पुण्या-मुंबईचे फोटोवालेही डोकावतात, कुणाचं कार्ड वाचत नाही, कुणाची डिस्क दिसत नाही. यातल्या कुणाला नॅन्ड काय आणि कंट्रोलर काय हे ठाऊक नसतं, ठाऊक असण्याची गरजही नाही. आपला डेटा किती मोलाचा आहे हे मात्र प्रत्येकाला पक्कं ठाऊक असतं.

इंदापूरचा आपला स्टुडिओवाला घे. आषाढात तुकोबांची पालखी बारामतीहून निघते, सणसर, बेलवडीचं गोल रिंगण, अंथुर्णे, निमगाव केतकी करत इंदापुरात येते आणि तिथे पुन्हा रिंगण होतं. ते दिवस तो घरी नसतोच म्हण ना. दिवसभरात कार्डं भरतात, रात्री तो ती पोर्टेबल एसएसडीवर उतरवतो आणि कार्डं रिकामी करून पहाटे पुन्हा निघतो. म्हणजे त्या एका रात्रीपुरती त्या फोटोंची जगात एकच प्रत असते. रिंगणातला घोडा पुन्हा पळवा असं कुणाला सांगता येत नाही. अशाच एका रात्री त्याचा फोन आला. “ताई, ड्राइव्हच्या सॉफ्टवेअरनं अपडेट दाखवलंय, मारू का?” त्याने स्क्रीनचा फोटो पाठवला. वर एक ओळ, नवी आवृत्ती उपलब्ध आहे. खाली एक ओळ, उत्तम अनुभवासाठी अपडेट करा. मग भलंमोठं निळं बटण, आणि बटणाखाली इतक्या बारीक अक्षरात की मला फोटो ताणून मोठा करावा लागला: डेटाच्या नुकसानीस कंपनी जबाबदार राहणार नाही.

बघ हं, त्या पडद्यावर कामाची माहिती एकच होती आणि ती सगळ्यांत बारीक अक्षरात होती. मी त्याला म्हटलं, आज हात लावू नकोस, आधी दुसऱ्या डिस्कवर उतरव, मग बघू. त्याला विचारायला कुणी होतं म्हणून बरं. ज्यांना कुणी नसतं ते एकतर डोळे मिटून बटण दाबतात, नाहीतर कधीच दाबत नाहीत. दोन्ही वाईट आहे, आणि दोन्ही टीप लिहिणाऱ्याच्या हातात आहे.

आबांचं आठव. डाळिंबावर फवारणी करायच्या आधी ते औषधाच्या डब्यातला घडीचा कागद उलगडून उन्हात वाचत बसायचे. कोणत्या पिकाला, कोणत्या किडीवर, एकरी किती, तोडणीच्या किती दिवस आधी थांबायचं, अंगावर उडालं तर काय करायचं. डब्यावर रंगीत त्रिकोण असतो, लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा, विष किती जहाल ते लांबून कळावं म्हणून. १९७१च्या कीटकनाशक नियमांनी हे सगळं कंपन्यांना बंधनकारक केलंय. त्या कागदावर रसायनाची सगळी घडण नसते, पण शेतकऱ्याला पंप पाठीवर घ्यायचा की नाही हे ठरवायला लागणारं सगळं असतं. तुझी टीप आबांसारख्या माणसाला वाचता आली पाहिजे, एवढंच मी म्हणतेय.

आता तू म्हणशील, ताई, कंपन्या असं लिहीत नाहीत. लिहितात, बाळा. क्रूशियलचा एम४ नावाचा एसएसडी होता. २०१२च्या जानेवारीत त्यांनी ०३०९ क्रमांकाचं फर्मवेअर दिलं आणि त्यासोबतच्या टीपेत स्पष्ट सांगितलं, की ड्राइव्ह एकूण ५,१८४ तास चालू राहिला की एका मोजणीतल्या चुकीमुळे तो प्रतिसाद देणं थांबवतो. बंद करून चालू केला की परत येतो, पण त्यानंतर दर तासाला पुन्हा तेच होतं. त्या अवस्थेतही अपडेट करता येतं आणि डेटाला धोका नाही. केवढीशी टीप, पण काय काय आलं बघ त्यात! लक्षण आलं, ते कधी दिसेल ते आलं, तात्पुरता उपाय आला, आणि सगळ्यांत आधी मनात येणारा प्रश्न, माझा डेटा गेला का, त्याचं उत्तर आलं.

त्या ५,१८४ या आकड्यावर जरा थांब. संगणक चोवीस तास चालू असेल तर हे २१६ दिवस होतात, सात महिने. माझ्या दुकानासारखा रोज दहा तास चालत असेल तर जवळपास दीड वर्ष. कंपनीने तासांचा आकडा दिला म्हणून ज्याला त्याला आपापली तारीख काढता आली. ‘काही काळानंतर’ असं लिहिलं असतं तर कुणालाच काढता आली नसती. तुमच्या इंजिनिअरांकडे आकडा असेल तर तो सोडू नकोस. मार्केटिंगवाले म्हणतील आकड्याने लोक बिचकतात. आकड्याने माणूस सावरतो गं, त्याला हाताशी धरायला काहीतरी मिळतं.

याहून भयंकर टीप हवी असेल तर सर्व्हर बनवणाऱ्या एचपीई कंपनीची वाच. २०१९च्या नोव्हेंबरात त्यांनी सर्व्हरमधल्या काही एसएएस एसएसडींबद्दल इशारा दिला. ३२,७६८ तास भरले, म्हणजे ३ वर्षं २७० दिवस ८ तास झाले, की ड्राइव्ह मरणार. ड्राइव्हही परत मिळणार नाही आणि डेटाही नाही. एचपीडी८ या आवृत्तीच्या आधीचं फर्मवेअर असेल तर ताबडतोब बदला. पुढे २०२०च्या मार्चमध्ये दुसऱ्या काही ड्राइव्हबद्दल तसाच इशारा दिला, तिथे आकडा ४०,००० तासांचा होता. त्यात आणखी एक गोष्ट होती, आणि माझ्या मते तीच सगळ्यांत मोलाची. एकाच दिवशी बसवलेले ड्राइव्ह जवळपास एकाच वेळी जातील. सर्व्हरवाले चार-सहा डिस्क एकत्र लावतात, त्याला रेड म्हणतात, ते याच भरवशावर, की एक गेली तर बाकीच्या सांभाळून घेतील. इथे तो भरवसाच खोटा ठरत होता. हे वाक्य टीपेत नसतं तर कितीतरी जण ‘आपल्याकडे रेड लावलेलं आहे, बघू सावकाश’ म्हणून बसले असते. दोष सांगितला तेवढ्याने भागलं नाही, वाचणारा कुठे गाफील राहील हेही त्यांनी ओळखलं.

साखर कारखान्याच्या संगणक विभागातला माणूस हे कसं वाचेल, बघ. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर, इंदापूरकडचे कारखाने, गाळप सुरू झालं की वजनकाटा रात्रंदिवस चालतो, गेटवर उसाच्या गाड्यांची रांग. त्या दिवसांत सर्व्हर अर्धा तास बंद ठेवा म्हणायची कुणाची छाती नाही. त्याला एवढंच कळायला हवं असतं, की हंगाम संपेपर्यंत थांबलं तर चालेल का. तासांचा आकडा दिला तर तो स्वतः मोजतो आणि ठरवतो. ‘लवकरात लवकर’ एवढंच लिहिलं तर तो एकतर थांबतो किंवा भर हंगामात जीव मुठीत धरून करतो.

आता लाइटीबद्दल. हे तुला कुणी पुण्यात सांगणार नाही म्हणून मी सांगते. वळवाचा पाऊस आला, वारं सुटलं की आपल्याकडे काय होतं तुला माहीत आहे. इंटेलने २०११ साली ३२० नावाची एसएसडी मालिका आणली. त्याच वर्षी तक्रारी आल्या, की अचानक वीज गेली आणि संगणक पुन्हा लावला की कधी कधी अख्खा ड्राइव्ह फक्त ८ एमबीचा दिसतो. आतलं सगळं गेलेलं. इंटेलने जुलैत ते मान्य केलं आणि ऑगस्टमध्ये फर्मवेअर दिलं. तेव्हा मला वाटलं, हे दोन शब्द, ‘वीज गेल्यास’, आपल्या भागासाठी केवढे मोठे आहेत. जिथे लाइट जातच नाही तिथल्या माणसाला तो दोष दुर्मीळ वाटेल. निमगावच्या झेरॉक्सवाल्याला तो उद्या दुपारीच गाठेल. म्हणून ‘दुर्मीळ परिस्थितीत’ हा शब्दप्रयोग तुझ्या टीपेत मला नको. परिस्थिती कोणती ते सांग. दुर्मीळ आहे की रोजची, हे ज्याचं त्याला कळतं.

आणि अपडेट चालू असताना लाइट गेली तर काय, हेही लिही. किती मिनिटं लागतात, लॅपटॉप चार्जरला लावूनच करायचं का, डेस्कटॉप असेल तर यूपीएस हवाच का, केबल हलली तर काय होईल. ही माहिती तुमच्या चाचणीवाल्यांकडे असतेच. ती ग्राहकापर्यंत का येत नाही हे मला कधी कळलं नाही.

अपडेटने काय होणार नाही, हे तर लिहायलाच हवं. सॅमसंगच्या ९८० प्रोचं प्रकरण २०२३च्या सुरुवातीला गाजलं. ३बी२क्यूजीएक्सए७ या फर्मवेअरवर चालणारे काही ड्राइव्ह, विशेषतः २ टीबीचे, अचानक फक्त वाचण्यापुरते उरायचे, लिहिणं बंद. त्यावरचा उपाय म्हणजे ५बी२क्यूजीएक्सए७ ही आवृत्ती. पण अमेरिकेतल्या पजेट सिस्टिम्स या संगणक बांधणाऱ्या कंपनीने आपल्या ग्राहकांना बजावून सांगितलं, की जो ड्राइव्ह आधीच अडकला तो या अपडेटने सुटत नाही. अपडेट त्याआधीच करायला हवं. त्याच सुमाराला ९९० प्रोवर ड्राइव्हच्या आरोग्याचा आकडा फार वेगाने उतरत होता. फेब्रुवारी २०२३मध्ये फर्मवेअर आलं, घसरण थांबली, पण उतरलेला आकडा परत वर आला नाही. हे आधी सांगितलं नाही तर लोक अपडेट करून आकड्याकडे बघत बसतात आणि अपडेट फसलं असं समजतात. मग फोन तुमच्याच हेल्पलाइनवर येतात, आणि माझ्या दुकानातही.

मॉडेलची यादी नेमकी दे. ‘निवडक मॉडेलसाठी’ हे शब्द पुसून टाक. २००९च्या जानेवारीत सीगेटच्या बाराकुडा ७२००.११ हार्ड डिस्क चालू करतानाच दिसेनाशा होत होत्या. घाईघाईत दुरुस्तीचं फर्मवेअर आलं, आणि त्यानेच काही ५०० जीबीच्या डिस्क बंद पाडल्या. सीगेटला ते मागे घेऊन नवं द्यावं लागलं. ज्याची डिस्क आदल्या दिवशी ठणठणीत होती त्याने कंपनीवर विश्वास ठेवून अपडेट केलं आणि घालवून बसला. तेव्हा कोणत्या मॉडेलला, कोणत्या क्षमतेला, कोणत्या जुन्या आवृत्तीवरून, हे एकेक करून लिही. आणि आवृत्ती बघायची कुठे ते चित्र काढून दाखव. माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या नऊ जणांना ते सापडत नाही, त्यात त्यांचा काही दोष नाही.

मागे घेतलेल्या अपडेटची टीपही काढून टाकायची नाही. तिथेच, तारीख घालून, ‘हे अपडेट अमुक कारणाने मागे घेतलं, ज्यांनी केलंय त्यांनी असं करावं’ एवढं लिहायचं. गुपचूप पान बदललं की लोकांचा विश्वास जो उडतो तो उडतोच.

एक नाजूक गोष्ट. कारण पक्कं सापडलेलं नसेल तर तसं म्हणायला लाजू नका. सॅमसंगच्याच ८४० ईव्होवर बरेच दिवस पडून राहिलेल्या फाइल फार हळू उघडायच्या. ऑक्टोबर २०१४मध्ये एक दुरुस्ती आली, काही महिन्यांनी तोच त्रास परत सुरू झाला, मग एप्रिल २०१५मध्ये दुसरी आली. पहिल्याच टीपेत ‘दोष दूर झाला’ असं ठासून लिहिलं आणि तो परतला, तर पुढची खरी टीपही कुणी खरी मानत नाही. ‘हा त्रास कमी होईल, आम्ही अजून लक्ष ठेवून आहोत, पुढची माहिती याच पानावर देऊ’ असं म्हणण्यात काय कमीपणा आहे?

पोर्टेबल ड्राइव्हचं मला फार लागतं, कारण स्टुडिओवाल्यांचं सगळं त्यावरच. २०२३मध्ये सॅनडिस्कच्या एक्स्ट्रीम मालिकेतले काही ड्राइव्ह अचानक बंद पडत असल्याच्या तक्रारी जगभरातल्या छायाचित्रकारांकडून आल्या. तेव्हा सॅनडिस्कची मालक असलेल्या वेस्टर्न डिजिटलने मे महिन्यात काही मॉडेलसाठी फर्मवेअर दिलं. ‘द व्हर्ज’ या अमेरिकन तंत्रज्ञान संकेतस्थळाच्या एका कर्मचाऱ्याचा बदलून मिळालेला ड्राइव्हही गेला आणि त्यासोबत ३ टीबीचं चित्रण. ऑगस्टमध्ये अमेरिकेत लोक कोर्टात गेले. या प्रकरणातून मी एकच घेतलं. ‘ड्राइव्ह संगणकापासून तुटतो’ असं वाचलं की माणूस केबल बदलून बघतो. ‘डेटा जाऊ शकतो’ असं वाचलं की तो त्याच रात्री दुसरी प्रत काढतो. लक्षण सौम्य शब्दांत मांडलं की वाचणारा सौम्य पाऊल उचलतो, आणि मुलीच्या लग्नाची चित्रफीत गेली की त्या घराला भरपाई म्हणून नवा कोरा ड्राइव्ह देऊन काय होणार?

तुझ्या मनात सुरक्षेचा प्रश्न आहे, तो रास्त आहे. कुलूप कसं उघडतं ते चोराला सांगायचं नाही, हे मान्य. दुरुस्ती हातात येईपर्यंत वाट कुठून आहे हे लिहू नये. पण दुरुस्ती आली की किती गंभीर आहे, कोणत्या आवृत्त्यांना लागू, कुणी त्याचा गैरफायदा घेऊ लागलंय का, आणि अपडेट जमत नसेल तर तोवर काय करायचं, एवढं सांगायलाच हवं. आपल्या केंद्र सरकारची सर्ट-इन ही संस्था जे इशारे काढते ते एकदा वाच. गांभीर्य, बाधित आवृत्त्या, थोडक्यात वर्णन, उपाय, असा त्यांचा साचा असतो. चोराला त्यातून काही मिळत नाही आणि धन्याला सगळं मिळतं.

आणि कंपनीकडून दुरुस्त्या येणं कधी थांबणार तेही टीपेत असू दे. वेस्टर्न डिजिटलच्या माय बुक लाइव्ह या घरच्या इंटरनेटला जोडून ठेवायच्या ड्राइव्हला शेवटचं फर्मवेअर २०१५ साली मिळालं होतं. लोक मात्र वापरत राहिले, कारण यंत्र चालत होतं. जून २०२१मध्ये बाहेरून कुणीतरी घुसून ते ड्राइव्ह पुसले. लोकांनी सकाळी उघडून बघितलं तर वर्षांनुवर्षांचे फोटो नाहीत. कंपनीने सांगितलं, आधी इंटरनेटची वायर काढा. हेच वाक्य शेवटच्या अपडेटच्या टीपेत, ठळक अक्षरात, असायला हवं होतं असं मला मनापासून वाटतं: यापुढे दुरुस्ती येणार नाही, हे यंत्र इंटरनेटला जोडून ठेवू नका.

आता ऑफिसातलं बोलू. सगळ्यासाठी भांडत बसलीस तर थकशील आणि कुणी ऐकणार नाही. कोडमध्ये कोणतं फंक्शन बदललं, चिपवाल्याचं नाव काय, चुकलं कुणाचं, हे सोडून दे. ते कंपनीचं आहे, त्यांना ठेवू दे. वकील म्हणाले ‘दोष’ हा शब्द नको, तर ‘त्रास’ लिही, चालेल. पण लक्षण, मॉडेल आणि आवृत्ती, डेटाचं काय होतं, आणि जुन्या आवृत्तीवर परत जाता येतं का, या चार गोष्टींवर मागे हटू नकोस. कुणी म्हणालं लोक घाबरतील, तर त्यांना एचपीईची ती टीप दाखव. एवढी भयंकर बातमी त्यांनी तास-दिवसांसकट सांगितली, आणि सांगितली म्हणूनच सर्व्हर सांभाळणाऱ्यांना वेळेत हात-पाय हलवता आले. आणि हे सगळं तोंडी बोलू नकोस. ईमेलवर, नम्रपणे, तारखेनिशी. तू नवी आहेस, मुलगी आहेस, मीटिंगमध्ये तुझं वाक्य कुणी मध्येच तोडलं तर लिहिलेलं तरी मागे राहतं.

परवा फोनवर तू सहज बोलून गेलीस, की खरा त्रास ड्राइव्ह भरत आलेला असताना होतो, मोठी फाइल कॉपी होताना वीज गेली तर. मी ऐकून उडालेच. अगं, हीच तर टीप! तुझ्या मसुद्यात याचा एक शब्द नव्हता. मी तुझ्या जागी असते तर असं लिहिलं असतं, बघ:

‘हे अपडेट १ टीबी आणि २ टीबी ड्राइव्हसाठी आहे. ५०० जीबीला लागू नाही. तुमच्या ड्राइव्हवर अमुक किंवा त्याआधीची आवृत्ती असेल तरच करा. आवृत्ती कुठे दिसते ते खालच्या चित्रात आहे. ड्राइव्ह जवळजवळ भरलेला असताना मोठी फाइल कॉपी होत असेल आणि त्याच वेळी वीज गेली किंवा केबल निघाली, तर शेवटी कॉपी केलेल्या फाइल उघडत नाहीत. आधीच्या फाइलना धक्का लागत नाही. अपडेटनंतर हा त्रास होणार नाही, पण आधीच बिघडलेल्या फाइल परत येणार नाहीत. अपडेटने डेटा पुसला जात नाही, तरीही आधी दुसरीकडे प्रत काढा. अपडेटला काही मिनिटं लागतात, तोवर वीज जाता कामा नये. लॅपटॉप चार्जरला लावा, डेस्कटॉपला यूपीएस असू द्या. एकदा केल्यावर जुन्या आवृत्तीवर परत जाता येत नाही. लगेच जमत नसेल तर तोवर ड्राइव्ह काठोकाठ भरू नका.’

किती मिनिटं, किती टक्के भरल्यावर, हे आकडे तुझ्या चाचणीवाल्यांकडून घेऊन भर. शेवटचं वाक्य गाळू नकोस, कारण इंदापूरच्या त्या पोराला रिंगणाच्या रात्री तेवढंच करता येण्यासारखं असतं. वर एक रंग दे, डब्यावरच्या त्रिकोणासारखा, लगेच की सवडीने ते कळायला. आणि हे एवढं तरी मराठीत, हिंदीत असू दे. इंजिनिअरांना जे सगळं टाकायचं आहे, एरर कोड, बदलांची यादी, आधीच्या सगळ्या आवृत्त्यांचा इतिहास, ते याच्या खाली वेगळ्या पानावर खुशाल टाका. कॉलेजच्या लॅबमधला, कारखान्यातला माणूस ते वाचेल आणि तुम्हाला दुवा देईल. फक्त त्याच्या ढिगाखाली वरच्या ओळी दबता कामा नयेत.

अजून एक. टीप बाहेर जायच्या आदल्या दिवशी ती हेल्पलाइनवरच्या पोरींना मिळाली पाहिजे. मी फोन करते तेव्हा पलीकडची मुलगी माझ्याइतकीच अंधारात असते, आणि शिव्या मात्र तिला खाव्या लागतात. साहेबांना सांग, याला पैसे लागत नाहीत.

सुधारलेला मसुदा शनिवारपर्यंत पाठव, कंपनीचं आणि मॉडेलचं नाव काढून. रविवारी दूध केंद्राचा पोरगा आणि स्टुडिओवाला दोघंही इकडे येतात. त्यांच्या हातात कागद देते, काही समजावून सांगत नाही, आणि एकच विचारते, हे आज करशील का नंतर, आणि का. जिथे दोघं अडखळतील तिथे पेनाने खूण करून तुला फोटो पाठवते. दाजी सोमवारी पुण्याला येतायत, त्यांच्याकडे कुरडया आणि आबांचा तो औषधाचा कागदही देते, साहेबांच्या टेबलावर ठेव.